सत्तावीस सक बासष्टासे

ट्रॉन्डुर, दार लाव. धक्क्यावर वेल्डिंग चाललंय,
ते नुसतं कानात नाही, मोजमापातही शिरतं.
कॉफी आहे. जळकी आहे.

काल यालग्रीम काय म्हणाला, ऐकलंस ना?
विंचवरच्या कॅमेऱ्याचा आपला पडदा सुरू केला
की नकाशावरची जहाजं एकेक करून विझतात.
समुद्रात असतात. नकाशात नसतात.
काल्सोय आणि कुनोयच्या मधल्या धुक्यात
एक मालवाहू त्याला भोंग्यावरून कळलं,
तेही पार जवळ आल्यावर.
पडदा बंद केला, तसं ते जहाज
नाव, वेग, दिशा सगळ्यासकट उगवलं.

आता पाढा म्हण.
सत्तावीस एके सत्तावीस, तो आपला क्रिस्टल,
तांदळाहून थोडा मोठा, गारगोटीचा एक कपचा.
सत्तावीस दुणे चोपन्न.
पुढे जा. लाजतोस काय?
सत्तावीस सक बासष्टासे.
एकशे बासष्ट मेगाहर्ट्झ: त्याच्या अल्याड-पल्याड
दोन अरुंद पट्ट्यांत जहाजं आपला ठावठिकाणा सांगतात.
मधे एक बोळ आहे,
साडेबारा किलोहर्ट्झ इकडे, साडेबारा तिकडे.
घड्याळ खरं चाललं असतं
तर आपला पाढा त्या बोळातून मुकाट गेला असता.

पण या क्रिस्टलला अठरा पिकोफॅरडचं ओझं लागतं.
दोन्ही पायांशी तिसाचे कपॅसिटर हवे होते.
खणात हाताला लागले ते दहाचे तू लावलेस.
ओझं हलकं, म्हणून ते पळतं,
सेकंदाला अडीच हजार ठोके जास्त.
साहापट कर: पंधरा किलोहर्ट्झ.
बोळ संपला, आपण शेजाऱ्याच्या घरात.

तू तपासलं होतंस, माहीत आहे.
पण प्रोब टेकवला की त्याचंही ओझं पडतं,
आणि घड्याळ पुष्कळसं ताळ्यावर येतं,
पाहुण्यांसमोर शहाण्या होणाऱ्या पोरासारखं.
पायाला हात न लावता ऐकायचं असतं.
हे मी तुला सांगायला हवं होतं.

मान वर कर. ही नुसती कुजबुज होती.
ओरडायला तोंड लागतं,
ते मी दिलंय.
बोर्ड उलटा धर दिव्याखाली.
तांब्यातली ती फट दिसते?
मोटरचा गोंगाट वेगळा राहावा म्हणून
एप्रिलमध्ये, रात्री दोनला, मीच पाडली,
आणि घड्याळाची रेघ तिच्यावरून जाते
हे पाहिलंच नाही.
गेलेला प्रवाह परत येतो, ट्रॉन्डुर,
आणि गेला त्याच्या अगदी खालून यायला बघतो.
याला खाली वाटच नव्हती.
तो फटीच्या टोकापर्यंत गेला, वळला, आला.
जेवढा वळसा, तेवढा अँटेना.
कोपऱ्यात सही बघ: रान्वा. माझीच.

चिमटा दे. तांब्याची पट्टी कापलीस?
फटीवर आडवी ठेव. सोल्डर कमी, घाईही कमी.
चिपच्या पायाशी, अगदी पायाशी,
तेहतीस ओहमचा एक रोध.
चौकोनी ठोक्याच्या कडा फार धारदार आहेत,
चिपला एवढ्या धारेची गरज नाही.
थोड्या बोथट होऊ देत.
आता तिसाचे दोन. फुंकर मारू नकोस,
हे कण तुझ्या श्वासानेही उडतात.

लाव यंत्र.
बघ, तो सुळका.
होता ना इथे? कालच्या छपाईवर आहे, हे बघ.
आता गवत आहे, नुसतं गवत.
आणि सत्तावीस म्हणजे सत्तावीसच,
हात न लावता.

हसू नकोस अजून.
असे तेरा पडदे आपण विकले.
यादी भिंतीवर आहे, माझ्या अक्षरात.
अकरा बोटी इथल्याच बंदरात आहेत,
त्यांना सकाळी सांगू. चूक माझी म्हणून सांगू.
यालग्रीमची बारावी.

तेरावी 'सुन्नुवा'.
ती दुपारीच गेली.
खिडकीतून बघ, कुनोय दिसतोय का?
नाही ना.
रेडिओ घे. सोळा नंबर.
आधी एवढंच सांग:
पडदा बंद करा.